विमानवाहू नौकांचे दिवस संपले का? फ्लाइट डेकवर काम केलेल्या माणसाचे उत्तर

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्याच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "सर, क्षेपणास्त्र काही कोटींचे आणि जहाज वीस हजार कोटींचे. ड्रोन आणि हायपरसोनिकच्या काळात विमानवाहू नौका म्हणजे शत्रूला आयते लक्ष्यच ना? मग आपल्याला तिसरी कशाला हवी?" मुलाखतीत हा प्रश्न तुला हमखास येणार. वर्गात पाच मिनिटांत उरकण्यासारखा तो नाही, म्हणून नीट लिहून देतो.

माझी नोकरी आधी विराट आणि नंतर विक्रमादित्य या आपल्या विमानवाहू नौकांच्या फ्लाइट डेकवर, म्हणजे विमाने उडण्या-उतरण्याच्या सपाट माथ्यावर, झाली. विमाने हलवायची, साखळ्यांनी बांधायची, उड्डाणाच्या क्रमाने लावायची, उतरलेले विमान झटपट बाजूला घेऊन मागच्याला जागा करून द्यायची, हे आम्हा हँडलर लोकांचे काम. त्यामुळे माझे उत्तर डेकवरून सुचलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपली नौका बुडेल याची मला जेवढी काळजी वाटते, त्याहून जास्त काळजी वाटते ती तिच्यावर पुरेशी विमाने आणि लांबवर पाहणारे रडार नसेल याची. जगातल्या सगळ्या विमानवाहू नौकांचे भवितव्य याच मुद्द्यावर ठरणार आहे.

आधी 'आयते लक्ष्य' ही कल्पना आकड्यांत तपासू. आज आपल्याकडे विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन नौका आहेत. विक्रांतचा कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ५२ किलोमीटर. उपग्रहाने तिला दुपारी बारा वाजता पाहिले आणि ती माहिती क्षेपणास्त्राच्या तळापर्यंत पोहोचून निर्णय व्हायला एक तास लागला असे धर. या तासात ती कोणत्याही दिशेला वळली असेल. ५२ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढ; क्षेत्रफळ भरते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा, पन्हाळ्यापासून चंदगडपर्यंत आणि गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत सगळा मिळून, ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिल्ह्याहून मोठ्या पाण्यात २६२ मीटर लांबीचे, सतत हलणारे जहाज शोधायचे. शोधल्यावर ते तेलवाहू जहाज नाही याची खात्री करायची, त्याचा माग सोडायचा नाही, उडालेल्या क्षेपणास्त्राला वाटेत नवी माहिती द्यायची, आणि शेवटच्या टप्प्यात एस्कॉर्ट म्हणजे सोबतच्या रक्षक जहाजांचे जॅमर, फसवी लक्ष्ये आणि विमानवेधी क्षेपणास्त्रे या सगळ्यांतून पार व्हायचे. साखळीतली एक कडी तुटली तरी क्षेपणास्त्र पाण्यात जाते.

चीनचे जहाजवेधी क्षेपणास्त्र डीएफ-२१डी दीड हजार किलोमीटरच्या आसपास आणि डीएफ-२६ त्याहून बरेच लांब मारा करते असे सांगितले जाते. समुद्रात पूर्ण वेगाने पळणाऱ्या, एस्कॉर्टने वेढलेल्या जहाजावर युद्धात त्यांचा वापर अजून झालेला नाही. तरी ही धमकी पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मघाशी आपण एक तास धरला. उपग्रहांची संख्या दरवर्षी वाढते आहे आणि तो तास आक्रसत चालला आहे. पंधरा मिनिटांवर आला तर जहाज फक्त १३ किलोमीटर सरकलेले असेल आणि वर्तुळ साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आत येईल. म्हणून पश्चिम प्रशांत महासागरात, तैवानजवळ, अमेरिकेची १ लाख टनांची फोर्ड ही विमानवाहू नौकासुद्धा युद्धाच्या पहिल्या दिवसांत किनाऱ्यापासून लांबच राहील असे मला वाटते.

पण आपल्याला त्या समुद्रात लढायचेच नाही. आपला समुद्र एडनच्या आखातापासून मलाक्कापर्यंतचा. तिथे चिनी नौदल आले तर तेच आपल्या घरापासून हजारो किलोमीटर दूर असेल, आणि आपली किनाऱ्यावरची विमाने, पाणबुड्या, ब्रह्मोस सगळे जवळ असतील. परदेशी लेख वाचताना तो कोणत्या समुद्राबद्दल लिहिला आहे हे आधी पाहत जा.

आता खरा जीवघेणा धोका. समुद्राला चिकटून येणारे क्षेपणास्त्र जहाजाच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे उशिरा दिसते. तीस मीटर उंचीवरच्या रडारला पाच मीटर उंचीवरून येणारी वस्तू साधारण ३२ किलोमीटरवर दिसू लागते. ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाचे क्षेपणास्त्र हे अंतर पावणेदोन मिनिटांत कापते. ब्रह्मोससारख्या वेगवान क्षेपणास्त्राला अर्ध्या मिनिटाच्या थोडे वर लागते. एवढ्या वेळात ओळखायचे, निर्णय घ्यायचा आणि पाडायचे. तेच रडार सहा हजार मीटर उंचीवरच्या विमानात बसवले तर तीनशे किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. अर्ध्या मिनिटाची पूर्वसूचना कित्येक मिनिटांची होते.

याची शिकवण ज्या जहाजाला मिळाली त्याच जहाजावर मी पुढे काम केले. विराट म्हणजे ब्रिटनची हर्मिस. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. ब्रिटनने आधीची मोठी, कॅटापल्टवाली (विमानाला ढकलून उडवणाऱ्या यंत्राची) विमानवाहू नौका मोडीत काढली होती आणि तिच्याबरोबर रडार घेऊन उडणारी विमानेही गेली. उरली ती सी हॅरिअर, अव्वल लढाऊ विमाने, पण लांबचे पाहणारे कोणी नाही. म्हणून विनाशिका पुढे पाठवून त्यांच्या रडारवर भिस्त ठेवावी लागली. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाची दोन विमाने समुद्रालगत उडत आली, त्यांनी एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडली आणि शेफिल्ड या विनाशिकेचा बळी गेला. वीस नौसैनिक मेले. त्यानंतर घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरवर रडार बसवण्यात आले, पण ते ताफ्यापर्यंत पोहोचेतो युद्ध संपले होते. पुढे ही नौका आपण घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती विराट म्हणून आपल्या नौदलात आली. डेकच्या पोलादाबरोबर हा धडाही आपल्याकडे आला असे मी नव्या पोरांना सांगायचो.

आज विक्रांत आणि विक्रमादित्य यांच्याकडे या कामासाठी कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर आहे. पोटाखाली उलगडून फिरणारे मोठे रडार, उपयुक्त यंत्र. पण हेलिकॉप्टर ते हेलिकॉप्टर. सुमारे अडीच तासांत खाली यावे लागते आणि उंचीही मर्यादित. आपल्या दोन्ही नौकांवर स्की-जंप आहे. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावते आणि पुढच्या चढावरून हवेत झेप घेते. इंजिनाला दमदार ताकद असलेल्या लढाऊ विमानाला हे जमते, जड आणि पंख्याच्या रडार-विमानाला नाही. त्याला मागून ढकलणारा कॅटापल्ट लागतो. फ्रान्सची शार्ल द गोल साधारण आपल्याच आकाराची, ४२ हजार टनांची, पण तिच्यावर कॅटापल्ट आहे आणि हॉकआय ही रडार-विमाने आहेत. चीनची फुजियान नोव्हेंबर २०२५ मध्ये ताफ्यात आली तेव्हा सगळे तिच्या ८० हजार टनांची चर्चा करत होते. माझे लक्ष केजे-६०० कडे होते. विद्युतचुंबकीय कॅटापल्टवरून उडणारे ते रडार-विमान हा आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक आहे.

आता डेकवरचा हिशेब. तो पुस्तकात सहसा सापडत नाही.

नौकेच्या रक्षणासाठी चोवीस तास दोन लढाऊ विमाने हवेत ठेवायची आहेत असे समज. एक उड्डाण दोन तासांचे धरले तर दिवसात बारा पाळ्या आणि चोवीस सॉर्टी, म्हणजे उड्डाणे. एका विमानाकडून रोज दोन सॉर्टी सलग काही दिवस काढता येतात; तीन काढल्या तर चौथ्या दिवशी विमान हँगरमध्ये बसते. म्हणजे उडायला तयार बारा विमाने हवीत. पण डेकवरचे प्रत्येक विमान कधीच तयार नसते. खारे वारे, उतरतानाचे हादरे, हायड्रॉलिकची गळती, इंजिन धुण्याची वेळ. दोन तृतीयांश तयार असणे म्हणजे उत्तम देखभाल. मग बारा तयार ठेवायला अठरा लागली. विक्रांतवर सगळी मिळून सुमारे तीस विमाने आणि हेलिकॉप्टर राहतात, त्यांत लढाऊ अठरा-वीस. म्हणजे सगळी ताकद नौकेच्या स्वतःच्या पहाऱ्यात संपली! हल्ल्याला पाठवायला काही उरले नाही.

यातून वाट कशी काढतात? लढाऊ विमाने सतत हवेत न ठेवता डेकवर सज्ज ठेवायची. वैमानिक कॉकपिटमध्ये, इंजिन सुरू करायच्या तयारीत, पाच मिनिटांत हवेत. पण पाच मिनिटांची पूर्वसूचना द्यायला वर कोणीतरी पाहत असले पाहिजे. रडार-विमान नसेल तर लढाऊ विमाने पहाऱ्यात खर्च होतात. ते असेल तर तीच विमाने मोहिमेला मोकळी होतात. अमेरिकी नौकेवर साठ-सत्तर विमाने असतात म्हणून हा ताण झाकला जातो. मध्यम आकाराच्या नौकेला तो झाकता येत नाही.

विमाने तयार नसणे म्हणजे काय ते आपण पाहिले आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१६ च्या अहवालात डेकवरच्या मिग-२९के लढाऊ विमानांच्या उपलब्धतेचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदले आहे. पुढे परिस्थिती सुधारली, तरी त्या काळातल्या डेकची कल्पना या आकड्यांवरून येते. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम लढाऊ विमाने घेण्याचा करार झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. किंमत सुमारे ६३ हजार कोटी. शस्त्रे, प्रशिक्षण, सुटे भाग धरून. विक्रांतला लागले सुमारे २० हजार कोटी. म्हणजे जहाजाच्या तिप्पट पैसे त्यावरच्या फक्त २६ विमानांना, आणि त्यांतली चार तर प्रशिक्षणाची दोन आसनी. तू वीस हजार कोटींचे जहाज म्हणालीस, पण खरा खर्च त्याच्या पाठीवर उभा असतो.

युक्रेनने एप्रिल २०२२ मध्ये रशियाची मॉस्क्वा बुडवली, याचा दाखला मुलाखतीत कोणीतरी देईल. ती विमानवाहू नव्हती, क्रूझर होती, आणि शत्रूच्या किनाऱ्याजवळ वावरत होती. पण त्यातला अर्थ टाळू नकोस. मोठे आरमार नसलेल्या देशाने किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रे आणि सागरी ड्रोन वापरून रशियन जहाजांना काळ्या समुद्राच्या पश्चिम भागातून मागे रेटले. चिंचोळ्या, बंदिस्त समुद्रात मोठे जहाज नेणे आता फार महाग पडेल. पर्शियन आखाताबद्दलही मी हेच म्हणेन.

लाल समुद्रातला अनुभव याच्या उलट बाजूचा. २०२३ च्या अखेरीपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मारा चालवला. अमेरिकी विमानवाहू नौकांपैकी एकीलाही त्यांचे शस्त्र लागले नाही. तरी त्यांतल्या ट्रुमनने तीन सुपर हॉर्नेट लढाऊ विमाने गमावली. एक डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्याच क्रूझरने चुकून पाडले. दुसरे एप्रिल २०२५ मध्ये हँगरमध्ये ओढताना ताबा सुटून ट्रॅक्टरसकट समुद्रात गेले. तिसरे मे महिन्यात उतरताना, थांबवणारी यंत्रणा निकामी झाल्यामुळे. यातल्या दुसऱ्या घटनेची बातमी वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. विमान ओढताना एक माणूस कॉकपिटमध्ये ब्रेकवर बसलेला असतो, दोघे पंखांच्या टोकांशी चालतात, चाकाचे अडसर (चोक) घेऊन माणसे चाकांलगत असतात. जहाज कलले की पंधरा-वीस टनांचे धूड एका क्षणात सुटते, आणि तिथे असतात ती विशीतली मुले. महिनोन्महिने अखंड कारवाई केली की माणसे थकतात आणि थकलेला डेक स्वतःच धोका होतो. क्षेपणास्त्रांच्या चर्चेत हा मुद्दा कोणी घेत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. विक्रमादित्यवर मिग साधारण शंभर मीटरांत तारेला अडकून थांबते, जून-जुलैच्या अरबी समुद्रात डेक वरखाली होत असतानाही. हे कसब विकत मिळत नाही. एकदा सोडले की परत उभे करायला पिढी जाते.

पाणबुडीचा धोका क्षेपणास्त्राइतका गाजत नाही, पण मी तो वरचा मानतो. १९८२ मध्ये ब्रिटिश अणुपाणबुडीने २ मे रोजी अर्जेंटिनाची बेलग्रानो ही क्रूझर बुडवली, आणि अर्जेंटिनाची विमानवाहू नौका एकही टॉर्पेडो न लागता बंदरात परतली ती युद्ध संपेपर्यंत बाहेर आली नाही. १९७१ मध्ये पाकिस्तानने जुन्या विक्रांतच्या शोधात गाझी पाठवली होती. ती विशाखापट्टणमजवळ बुडाली आणि विक्रांतच्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार, चितगाव हादरवले. त्या वेळी विक्रांतच्या एका बॉयलरला तडे होते, वेग मर्यादित होता. तरी तिने पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद केली. आता पाकिस्तान चीनकडून आठ हँगोर वर्गाच्या पाणबुड्या घेतो आहे. म्हणून विमानवाहू नौकेबरोबर फिरणारी पाणबुडी शोधणारी एमएच-६०आर हेलिकॉप्टर आणि फ्रिगेटचे पाण्याखालचा कानोसा घेणारे सोनार ही चैन नव्हे.

वायुदलातले माझे मित्र म्हणतात, अंदमान-निकोबार ही न बुडणारी विमानवाहू नौका आहे आणि तंजावरची सुखोई ब्रह्मोस घेऊन लांब जाऊ शकते. दोन्ही खरे. पण बेटावरची धावपट्टी कुठे आहे ते शत्रूला आजच माहीत आहे. वर काढलेले वर्तुळ तिला लागूच होत नाही. आपल्या करवीरच्या छत्रपतींचे आरमार मालवणात होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तो समुद्रातून येऊन, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचे गेले. पाण्यातला किल्ला कितीही बुलंद असला तरी त्याच्याभोवतीचे पाणी राखणारी गलबते लागतात. शिवाय सुखोई हवेत इंधन घेऊन एडनपर्यंत जाईल, पण तिथे आठवडाभर थांबणार कशी? व्यापारी जहाजांना रोज संरक्षण द्यायचे तर विमाने तिथेच राहायला हवीत. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी विक्रांतचा ताफा उत्तर अरबी समुद्रात होता. पाकिस्तानी जहाजे बंदरात किंवा किनाऱ्यालगतच राहिली असे नौदलाने नंतर सांगितले. गोळी न झाडता शत्रूला बांधून ठेवणे हे या नौकेचे नेहमीचे काम आहे आणि ते पुढेही राहील.

बदलेल ते डेकवरचे चित्र. तुर्कस्तानला एफ-३५ लढाऊ विमाने मिळाली नाहीत, तेव्हा त्यांनी अनादोलू या जहाजावर ड्रोनची वाट धरली; नोव्हेंबर २०२४ मध्ये टीबी-३ तिच्यावरून उडाले आणि परत उतरलेही. अमेरिका एमक्यू-२५ हे वैमानिकरहित इंधनवाहू विमान आणते आहे. माझ्या हिशेबात याचे महत्त्व फार आहे. बारा-पंधरा तास वर राहणारे रडारवाले ड्रोन स्की-जंपवरून उडू लागले तर कॅटापल्टशिवायही आपली ती जुनी उणीव भरून निघेल, आणि अठरातली दहा-बारा लढाऊ विमाने पहाऱ्यातून सुटतील. आपल्या संशोधकांनी पहिला जोर इथे लावावा असे मला फार वाटते. हल्ला करणारे ड्रोन नंतर आले तरी चालतील, आधी पाहणारे हवे. डेकवर वैमानिकरहित विमान हाताळणे सोपे असेल असे मात्र समजू नकोस. ब्रेकवर माणूस नाही, इशारा पाहणारे डोळे नाहीत. पिवळ्या जॅकेटातल्या डायरेक्टरने हात कोणाला दाखवायचा, हा प्रश्न आमच्या शाखेला नव्याने सोडवावा लागेल.

आता तिसरी हवी का? विक्रमादित्य आपल्याकडे १६ नोव्हेंबर २०१३ रोजी आली, पण मुळात ती १९८७ साली सोव्हिएत नौदलात दाखल झालेली. विक्रांतची कील (तळाचा कणा) फेब्रुवारी २००९ मध्ये ठेवली आणि ती २ सप्टेंबर २०२२ रोजी ताफ्यात आली, साडेतेरा वर्षांनी. आज ऑर्डर दिली तरी नवी नौका येईपर्यंत विक्रमादित्यचे जहाज म्हणून वय पन्नाशीकडे झुकलेले असेल. त्यामुळे जिला तिसरी म्हणतात ती प्रत्यक्षात विक्रमादित्यची जागा घेणारी असेल. दोनांपैकी एक रिफिटला (मोठ्या दुरुस्तीला) गेली की हाती एकच उरते, आणि ती पश्चिमेला असली तर बंगालचा उपसागर मोकळा.

माझा क्रम असा आहे. आधी असलेल्या दोन डेकवर पूर्ण विमाने आणि लांबचे पाहणारे डोळे. त्याच्या बरोबरीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळालेल्या दोन अणुशक्तीवरच्या हल्लेखोर पाणबुड्या, कारण चिनी जहाजांना हिंदी महासागरात अडवायचे तर त्या लागतीलच. आणि विक्रांतच्याच आराखड्यावर, सुधारणा करून, कोचीला आणखी एक नौका, लगेच. ६५ हजार टनांची, कॅटापल्टची मोठी नौका मला मोहवते. कोचीत ३१० मीटरची नवी ड्राय डॉक, म्हणजे जहाजे बांधायची कोरडी गोदीही जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पण तिच्यासाठी लागणारी विमाने, एस्कॉर्ट आणि कॅटापल्टचे तंत्र आजच्या पैशात बसवताना पाणबुड्यांवर गदा येईल, आणि ती मला मान्य नाही. कोचीतल्या वेल्डरांचा आणि केबल टाकणाऱ्यांचा हात मात्र चालता राहिला पाहिजे. विक्रांतचे डीएमआर-२४९ पोलाद आपल्या देशात बनले, आणि ते जोडायला शिकलेली माणसे दहा वर्षे रिकामी बसली तर पुढच्या जहाजाला पुन्हा तेरा वर्षे लागतील.

मुलाखतीत तुझे मत वेगळे असले तरी चालेल. पॅनेलवर बसलेल्यांपैकी एखादा पाणबुडीवाला असेल आणि तो तुला अडवेलही. तेव्हा चोवीस सॉर्टींचा हिशेब कागदावर मांडून दाखव, आणि नौकेबरोबर राफेल, कामोव्ह, सोनार यांची नावे घे. दुसरी गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगतो: २०२५ मध्ये नौदलाच्या लढाऊ विमान शाखेत पहिली महिला अधिकारी प्रशिक्षणासाठी दाखल झाली आहे. नौदलाचा अर्ज भरताना एअर शाखेचा रकाना मोकळा सोडू नकोस.